पंखा कुणाच्या हद्दीत?

आपल्याकडे मोटार कुणी दुरुस्त करत नाही, मोटारीचे भाग दुरुस्त करतात. इंजिनाचा मेस्त्री वेगळा, वायरिंगवाला वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, एसीवाला वेगळा. डेंटर आणि पेंटर यांची नावं जोडीनं घेतात म्हणून ते एकाच दुकानात सापडतील असं समजून निघालेला माणूस दोन पेठा चालून घामाघूम होऊन परत येतो. ही वाटणी फार जुनी आहे आणि ती सगळे निष्ठेनं पाळतात. मेस्त्री अख्खं इंजिन उतरवून पुन्हा चढवेल, पण हॉर्न वाजत नाही म्हणालात तर हात फडक्याला पुसत म्हणेल, "ते वायरिंगचं काम आहे." आणि त्याच्या आवाजात असा काही पापभीरूपणा असतो की, हॉर्नला हात लावला तर रात्री झोप लागणार नाही, हे आपल्यालाही पटतं.

या चोख व्यवस्थेत एकच भाग असा राहिलाय की ज्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. तो म्हणजे रेडिएटरमागचा पंखा. तो गार करतो पाणी, म्हणजे रेडिएटरवाल्याचा. चालतो विजेवर, म्हणजे वायरिंगवाल्याचा. एसी लावला की फिरतो, म्हणजे एसीवाल्याचा. आणि फिरला नाही तर बसतं इंजिन, म्हणजे मेस्त्रीचा. चौघांचा असल्यामुळे त्याच्याकडे एकही बघत नाही. गाडी नवी आहे तोवर हा वाद उद्भवत नाही, कारण तोवर आपल्या गाडीला पंखा आहे हेच मालकाला ठाऊक नसतं. गाडी पंधरा-वीस वर्षांची होते, आणि मग एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी, सिग्नलला, डॅशबोर्डवरचा काटा इतकी वर्षं मधोमध पडून राहिल्यानंतर उठून वर जायला लागतो.

पंख्याबद्दलची मूळ गोष्ट अशी की गाडी पळत असताना त्याची जवळजवळ गरजच नसते. ताशी चाळीस-पन्नासच्या पुढे समोरच्या जाळीतून येणारा वाराच रेडिएटर गार करायला पुरतो. पंखा ठेवलाय तो उभ्या गाडीसाठी. ती थांबली की त्यानं कामाला लागायचं, निघाली की बसायचं. म्हणजे मोटार बनवणाऱ्यांच्या हिशेबानं तो दिवसाकाठी थोडा वेळ फिरणारा अर्धवेळ नोकर होता. तो संध्याकाळी साडेसहाला सिंहगड रस्त्यावर नेमला जाईल याची त्यांना कल्पना नसावी.

एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं निदान घरबसल्या होतं. गावात तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. गावात ठीक आणि हायवेला ऐंशी-नव्वदला तापते, तर पंख्याला सोडा आणि चोंदलेला रेडिएटर किंवा पाण्याचा पंप यांच्याकडे वळा. दोन्हीकडे तापत असेल तर बँकेच्या पासबुकाकडे वळा. तेव्हा "कुठे तापते?" हा पहिला प्रश्न हवा. तो विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय. आपला राष्ट्रीय प्रश्न एकच: "पाणी बघितलं का?"

हा प्रश्न ऐकायचा असेल तर रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडावं. बॉनेट उघडणं ही आपल्याकडे खाजगी बाब नाही, ती जाहीर नोटीस आहे. पाच मिनिटांत माणसं जमतात. त्यांतले एक गृहस्थ "पेट्रोल का डिझेल?" एवढंच विचारतात आणि उत्तर मिळालं की समाधानानं निघून जातात, त्यांना नेमकं काय कळलं हे कळायला मार्ग नाही. मग एक रिक्षावाला येतो. जुन्या रिक्षांचं इंजिन हवेवर गार होणारं. पाणी नाही, रेडिएटर नाही, पाइप नाहीत. तो आपल्या त्या सगळ्या नळ्यांच्या जंजाळाकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, "आमच्यात ही भानगडच नाही." रिक्षावाल्याला मोटारवाल्याची कीव करायची संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही, त्यामुळे तो थोडा रेंगाळतो.

तिसरा गृहस्थ मात्र धोक्याचा. तो थेट रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेतो. हे झाकण नुसतं झाकण नसतं, आतल्या पाण्यावर दाब ठेवणारी ती झडप असते. पुष्कळ गाड्यांत हा दाब ०.९ बारच्या आसपास असतो, आणि त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० अंशांना उकळायच्या ऐवजी ११८च्या सुमाराला उकळतं. म्हणजे ११० अंशांचं पाणी आत अगदी गुमान बसलेलं असतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते पाणी तत्क्षणी वाफ होऊन बाहेर, म्हणजे झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. गर्दीतून नेहमी सल्ला येतो, "फडकं धरा आणि हळूच फिरवा." हा सल्ला देणारा माणूस कायम तीन पावलं मागे उभा असतो, याची नोंद घ्यावी. आणि कुणी बाटलीतलं गार पाणी तापल्या इंजिनावर ओतायला निघालं तर त्याच्या हातून बाटली घेऊन ते पाणी आपण प्यावं. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकू शकतं. आपल्याला मात्र त्या क्षणी त्याची खरी गरज असते.

आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक आबा आहेत. पंख्याला स्वतःची मोटार दिली तिथेच सगळं बिघडलं, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांच्या काळी पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरायचा. "इंजिन फिरलं की पंखा फिरला. तो विचारायला जात नव्हता, गरम झालंय का म्हणून." आबांच्या बोलण्यात तथ्य आहे. त्या रचनेत स्विच नव्हता, फ्यूज नव्हता, रिले नव्हता. बिघडायला फक्त एक पट्टा होता. फियाट काय, अ‍ॅम्बॅसिडर काय, सगळ्यांचं असंच. पण आबा दुसरी बाजू सांगत नाहीत. सिग्नलला इंजिन मंद फिरतं, म्हणजे गरज सगळ्यात जास्त तेव्हा पंखाही मंद. आणि हायवेला वारा फुकट मिळत असताना हा जोरजोरात फिरून इंजिनाचीच ताकद खाणार. शिवाय तो एक पट्टा तुटला की पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो तिघेही एकदम संपावर. २००२ साली एक्सप्रेस-वे पूर्ण होण्याआधी ज्यांनी बोरघाट चढलाय त्यांना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आठवत असेल. डिकीत स्टेपनीइतकाच मान पाण्याच्या कॅनला होता. गाडी तापली म्हणून कुणी मेस्त्रीला बोल लावत नसे. तो घाटाचा हक्क होता. लोक उतरत, डबा उघडत, चटणी-भाकरी खात, आणि तोवर इंजिन थंड होई.

तसं पाहिलं तर पाण्यासाठी थांबणं मोटारीइतकंच जुनं. १८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याचीच गाडी काढून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरच्या वरचं अंतर. त्या गाडीत पंखा नव्हता आणि आजच्या अर्थानं रेडिएटरही नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना इंजिनाची उष्णता घेऊन जायचं. त्यामुळे बाईंना वाटेत मिळेल तिथे पाणी भरावं लागलं. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा असा दारोदार पाणी मागत झाला, आणि तो माहेरी जाण्यासाठी होता, यात आपल्याला परकं वाटावं असं काहीच नाही. पुढे १९०१च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म माईबाख यांनी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर केला आणि त्याच्यामागे पंखा बसवला. पाणी मागणं कमी झालं. त्याच दिवशी चोंदायला ८,०७० जागाही तयार झाल्या, म्हणजे रेडिएटरवाल्याचं दुकान उघडलं.

आपल्याकडे विजेचा पंखा घराघरांत आणला तो १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००नं. कारण सोपं आहे. जुन्या गाड्यांत इंजिन उभं, म्हणजे त्याच्या पट्ट्याचं तोंड समोर रेडिएटरकडे. नव्या गाडीत जागा वाचवायला इंजिन आडवं टाकलं आणि ते तोंड मडगार्डकडे वळलं. मडगार्डला वारा घालून कुणाचाच फायदा नव्हता. तेव्हा पंखा इंजिनापासून विभक्त झाला, त्याला वेगळी मोटार मिळाली आणि त्याच्यामागे सरकारी कचेरी लागली. कचेरी शब्दशः. पाण्यात बुडालेला एक सेन्सर तापमानाचं टिपण ठेवतो. ते टिपण संगणकाकडे जातं. संगणक शेरा मारतो: पंखा लावावा. मग रिले नावाचा शिपाई उठतो आणि फ्यूजच्या खिडकीतून विजेची रक्कम सोडवून मोटारीपर्यंत पोचवतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत संगणकाचे साहेब नव्हते. तिथे पितळेचा एक थर्मोस्विच ९५ अंशांच्या आसपास स्वतःच सही करायचा आणि पाचेक अंश उतरले की रद्द करायचा. कामकाज झटपट होतं, पण कारकून म्हातारा झाला की फाइल कायमची अडकायची.

आता प्रकरण अडकलंय, पंखा फिरत नाही, आणि आपण गाडी घेऊन निघालोय.

मेस्त्रीकडे गेलं की तो इंजिन गार होऊ देतो, पाणी बघतो आणि थोडा विचार करून म्हणतो, "थर्मोस्टॅट काढून टाकू." पंख्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. थर्मोस्टॅट ही इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेतली झडप. पाणी ८०-८२ अंशांना पोचेपर्यंत ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं, मग उघडते. ती बंदच अडकून बसली तर गाडी तापते हे खरं. पण मेस्त्रीचा आक्षेप त्या झडपेच्या बिघाडावर नसून तिच्या जन्मावरच असतो. "हे थंड देशांसाठी असतं साहेब. आपल्याकडे काय बर्फ पडतो?" या वाक्यावर महाराष्ट्रातल्या किती धडधाकट थर्मोस्टॅटांचा बळी गेलाय याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. काढल्यावर काटा खाली राहतो, मालक खूश होतो, मेस्त्री खूश होतो. इंजिनाला हवी ती ऊब मिळत नाही आणि ते पेट्रोल जास्त पितं, त्यामुळे पंपवालाही खूश होतो. पंखा बंदचा बंद. पुढच्या ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा वर.

मग रेडिएटरवाला. हा माणूस आयुष्यात कधी चुकलेला नाही आणि चुकणारही नाही, कारण दहा वर्षांचा कुठलाही रेडिएटर उघडला तरी आत क्षार निघतातच. आपण त्याला बोअरचं पाणी पाजलेलं असतं. तो आपल्याला कुणातरी दुसऱ्याच्या रेडिएटरमधून निघालेला गाळ वाटीत घालून दाखवतो आणि म्हणतो, "हे बघा, हे तुमच्या आत आहे." माणूस हादरतो. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर त्याची टाकी सोडवून, नळ्यांतून सळया घालून 'रॉडिंग' करता येतं. ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर तो हातात घेऊन, वजन केल्यासारखं करून, बाजूला ठेवतो. "हा नवाच टाकायचा." काम झाल्यावर पाणी छान वाहतं, फक्त त्याच्यावर वारा घालणारं कुणी नसतं. पंख्याचा विषय काढला तर तो फडकं झटकतो: "ते करंटचं आहे."

एसीवाल्याकडे पंखा फिरतो. हा या प्रकरणातला सगळ्यात छळणारा भाग. त्याच्या दुकानात गाडी एसी लावूनच आत येते, आणि एसी लावला की पंखा पाण्याच्या तापमानाची वाट न बघता फिरायला लागतो. "पंखा तर चालू आहे की," तो आपल्याकडे दयेनं बघत म्हणतो. खरं तर त्यानं नकळत अर्धं निदान करून दिलेलं असतं. एकच पंखा असलेल्या गाडीत एसीबरोबर तो फिरत असेल, तर मोटार शाबूत आहे, तिच्यापर्यंत वीजही पोचतेय. खोट आहे ती तापमान कळवणाऱ्या बाजूला. मात्र गाडीला दोन पंखे असतील तर आपण बघतोय तो बहुधा एसीचा, आणि खरा गुन्हेगार शेजारीच शांतपणे उभा असतो. हे दोघे इतके जुळे दिसतात की ओळखपरेड घेताना वायरचे रंग बघावे लागतात.

शिवाय पंखा गॅरेजमध्ये बिघडत नाही. घरून गॅरेजपर्यंत वारा खात गेलेली गाडी तिथे पोचते तेव्हा गार असते. खरं निदान करायचं तर गाडी उभी, इंजिन चालू, एसी बंद, आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं काट्याकडे बघत बसायचं. पेट्रोल मालकाचं जळत असलं तरी एवढा वेळ गॅरेजमध्ये कुणाकडे नसतो. सिग्नलला मात्र सगळ्यांकडे असतो.

राहता राहिला वायरिंगवाला. तो सगळ्यांत शेवटी आठवतो, कारण त्याचं दुकान दिसत नाही. असतं एक लाकडी टेबल, एक बॅटरी आणि वायरींचं जाळं. आमचे वायरिंगवाले फार बोलत नाहीत. त्यांनी फ्यूज काढून उजेडात धरला, परत लावला. हॉर्नचा रिले आणि पंख्याचा रिले एकाच मापाचे होते. त्यांनी दोघांची अदलाबदल केली आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजला, म्हणजे पंख्याचा रिले निर्दोष. मग थर्मोस्विचचा प्लग काढला, खिशातून बोटभर वायर काढली, तिची दोन टोकं प्लगच्या दोन भोकांत घातली, आणि म्हणाले, "चावी." काहीच झालं नाही. हा पंखा इथे फिरला असता तर स्विच बदलून आम्ही घरी गेलो असतो. म्हणजे नाना पेठेत गेलो असतो, आणि काउंटरवरच्या माणसानं विचारलं असतं, "ब्याण्णवचा की पंच्याण्णवचा?" कारण स्विच कोणत्या अंशाला लागतो आणि कोणत्या अंशाला सुटतो ते त्याच्या अंगावर ठोकलेलं असतं, आणि आपण जुना स्विच घरी विसरलेलो असतो. "ब्याण्णवचा न्या, लवकर लागेल," हा त्याच्यावरचा पेठेतला निर्णय. लवकर लागणारं ते चांगलंच असणार, याबद्दल दुकानात दुमत नसतं.

आमच्या बाबतीत प्रकरण पुढे सरकलं. पंख्याच्या मोटारीच्या प्लगवर मी आणलेलं डिजिटल मीटर लावलं, तर बारा व्होल्ट आले. मी म्हटलं, वीज तर येतेय. वायरिंगवाल्यांनी मीटर बाजूला ठेवलं आणि स्वतःचा टेस्ट लॅम्प काढला, म्हणजे होल्डरमध्ये एक जुना हेडलाइटचा बल्ब आणि त्याला दोन वायरी. तो लावला तर बल्बची तार नुसती लालसर झाली. इथे जे कळतं ते शाळेत विजेच्या धड्यात कुणी शिकवलेलं नसतं. मीटर मागतं जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे गंजून एका केसावर टिकलेलं कनेक्शनही त्याला बारा व्होल्ट ऐटीत दाखवतं. पंख्याला लागतात आठ-दहा अँपिअर. ते मागितले की तोच गंज आडवा येतो. दाखवायला सगळं, द्यायला काही नाही. अशा नातेवाइकांना ओळखायचं असेल तर चौकशी करून उपयोग नसतो, उसने मागावे लागतात. टेस्ट लॅम्प उसने मागतो. वायरिंगवाल्यांनी बॅटरीतून थेट दोन वायरी मोटारीला दिल्या तेव्हा ती घुरघुरत फिरली, आणि मग त्यांनी पोलिश पेपरानं घासली ती चासीला जोडलेली एक हिरवी पडलेली अर्थिंगची पट्टी. चार आण्यांचं काम. आधीच्या तीन दुकानांत खर्चलेले पैसे मी तिथे मनातल्या मनातसुद्धा मोजले नाहीत.

थेट वीज देऊनही मोटार फिरली नसती तर त्यांच्याकडे पुढची तपासणी होती. पाना उलटा धरून मोटारीच्या पाठीवर दोन हलके ठोके. ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन झिजले. आपल्याकडे ही कसोटी रेडिओपासून मिक्सरपर्यंत सर्वत्र प्रमाण मानली जाते, आणि इथे ती खरोखर शास्त्रशुद्ध आहे, कारण ठोक्यानं झिजलेला कार्बन जागेवर टेकतो. ठोकूनही हूं की चूं नाही, आणि काडीनं ढकलल्यावर पाती जड लागली, तर बुश गेले. काडीनंच ढकलायचं, बोटानं नाही. काही गाड्यांत पंख्याची वीज थेट बॅटरीवरून असते आणि चावी खिशात असतानाही तो मनात येईल तेव्हा फिरतो.

फिरणाऱ्या पंख्यावरही त्यांचा भरवसा नसतो. "फिरतोय, पण कुठल्या बाजूला?" असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची पुरवणी मागितली आणि ती समोरच्या जाळीला लावली. पुरवणी जाळीला चिकटून बसली. पंखा मागे असतो आणि हवा समोरून आत ओढतो, म्हणून कागद चिकटायला हवा. मोटार रिवाइंड करताना कुणी दोन वायरी उलट जोडल्या तर पंखा दिमाखात उलटा फिरतो, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी कुस्ती खेळतो आणि गाडी हायवेलाही तापते. तेव्हा पुरवणी उडून मेस्त्रीच्या अंगावर येते. पुरवणीतून इतकी नेमकी माहिती एरवी क्वचितच मिळते.

आणखी एक बारकावा त्यांनी जाता जाता सांगितला. पाणी कमी झालं किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला की स्विचचं टोक पाण्याबाहेर उघडं पडतं. मग बाजूला इंजिन भाजून निघत असलं तरी स्विचला त्याचा पत्ता नसतो. तो पंखा लावत नाही आणि त्याच्या परीनं तो बरोबर असतो. हे ऐकल्यावर "पाणी बघितलं का?" विचारणाऱ्या तमाम जनतेची मी मनातल्या मनात थोडी माफी मागितली. थोडीच.

ट्रॅफिकमध्ये अडकलात, पंखा बंद आणि काटा वर, तर एक जालीम उपाय आहे: हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे गाडीच्या आत, डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच. त्याला स्वतःचा पंखा असतो, आणि इंजिनाची उष्णता तो आपल्या पायांवर आणून ओततो. इंजिन वाचतं. मे महिन्यात, सोलापूर रस्त्यावर, काचा खाली करून हा प्रयोग चालू असताना आमची ही म्हणाली, "अहो, गाडी वाचेल हो. आपलं काय?" आणि लगेच, "आणि हा गोडसर वास कसला येतोय?" शीतकात ग्लायकॉल असतं, आणि ते गळून तापलं की त्याला गोडसर वास येतो. हीटरचा पाइप पाझरत होता. इतक्या तज्ज्ञांना जे दिसलं नाही ते हिला दोन मिनिटांत नाकानं कळलं. त्यानंतर गाडीविषयीच्या कुठल्याही चर्चेत मला फक्त श्रोत्याची जागा आहे.

ज्यांना इतक्या खोलात शिरायचं नसतं त्यांच्यासाठी आपल्या देशानं एक अंतिम उपाय काढलाय: 'डायरेक्ट'. सेन्सर नको, रिले नको, संगणक नको. पंख्याच्या वायरी सरळ डॅशबोर्डखाली आणायच्या आणि घरातल्या दिव्याचा असतो तसला एक स्विच तिथे बसवायचा. "गरम वाटलं की लावा साहेब." आबांना हा उपाय मनापासून आवडतो, यात माणूस पुन्हा मालक होतो. तोटे किरकोळ आहेत: पातळ वायर आणि दहा अँपिअर यांचं जमत नाही, तेव्हा कधी स्विच वितळतो, तर कधी वायर धुमसते, आणि 'गरम वाटलं की' हे ड्रायव्हरला कधी वाटावं याला काही धरबंध नसतो. जुनी गाडी विकत घेताना आरसी बुकाबरोबर हा स्विचही आपल्याला मिळतो, पण त्याची माहिती तोंडी परंपरेनं येते, आणि परंपरा कुठेतरी खंडित झालेली असते. मग दोन-तीन महिने आपण तो फॉग लॅम्पचा समजून बंद ठेवतो.

याच्या उलट दुखणंही आहे: पंखा थांबतच नाही. रिलेची टोकं आतून चिकटली तर असं होतं. इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा सेन्सर निकामी झाला किंवा त्याचा प्लग निसटला की संगणक घाबरून पंखा सतत चालू ठेवतो. उगाच जोखीम नको, हा त्याचा हिशेब. याचा उलटा उपयोगही होतो: पंखा बंद असेल तर मुद्दाम तो प्लग काढून बघायचा. लगेच फिरला, तर मोटार, रिले, फ्यूज सगळे शुद्धीवर आहेत आणि झोपलाय तो सेन्सर. आणि काही गाड्यांत तर तब्येत ठणठणीत असतानाही, चावी काढल्यावर पंखा दोन-चार मिनिटं फिरून इंजिन निववतो. तो बिघाड नव्हे, तशी रचनाच असते. पण हे वॉचमनला समजावून सांगता येत नाही. आमच्या मजल्यावर एकांकडे अशी गाडी आहे, आणि त्यांच्या घरची बेल उन्हाळ्यात रात्री हमखास वाजते. "साहेब, गाडी बंद करायची राहिली." ते खाली जातात. तोवर पंखा थांबलेला असतो. वॉचमन म्हणतो, आत्ता चालू होता, ते म्हणतात, तो चालणारच, आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आबा विचारतात, "इंजिन बंद आणि पंखा चालू? कुणाच्या परवानगीनं?"